दश्शीच्या वरचा

पत्त्यांचा कॅट हातात घेतला की अख्ख्या इलिनॉयमध्ये माझ्या चुलत सासऱ्यांइतका धोकादायक माणूस दुसरा नाही. ते लबाडी करत नाहीत, पैसे लावत नाहीत, हरल्यावर चिडतही नाहीत. ते फक्त पत्ते वाटत नाहीत. डाव्या हातात पिसलेला कॅट, उजव्या हाताचा अंगठा वरच्या पानावर, समोर चार माणसं आशेने बसलेली, आणि हे विचारणार, "हा पत्ता मुळात आला कुठून, माहीत आहे का?" संपलं. चीनमधून निघालेला पत्ता इराणवरून इजिप्तला पोचतो, तिथून समुद्र ओलांडून स्पेन-इटलीत उतरतो, फ्रान्समध्ये त्याला बदाम आणि चौकट फुटतात, आणि तो बोटीत बसून न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्याला लागेपर्यंत काकूंनी खाली पाठवलेली गरम भजी गार होऊन मऊ पडलेली असतात. मध्येच कुणी घाई केली तर ते पुन्हा चीनला जातात. मी एकदा केली होती. त्या रविवारी आम्ही एकही डाव खेळलो नाही.

हे काका म्हणजे माझ्या बायकोच्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागपूरच्या इंदोऱ्याचे, बौद्ध, धंद्याने पूल तपासणारे इंजिनिअर. तीस वर्षं शिकागोच्या आजूबाजूच्या पुलांखाली उभं राहून वर बघायचं काम केल्यामुळे त्यांची मान कायम जरा वरच असते. इथल्या मराठी मंडळातले काही लोक त्याला ताठा म्हणतात. म्हणोत बापडे. बायको शाळेत असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून हेच तिचे वडील. आमच्या लग्नातही तेच उभे राहिले. शॉमबर्गला आमच्या घरापासून अडीच मैलांवर राहतात. मला 'जावई' म्हणतात. गेल्या बारा वर्षांत एकदाही नावाने हाक मारलेली नाही, त्यामुळे माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही याबद्दल मी साशंक आहे.

आणि या सगळ्या वर्षांत माझ्या पुण्याच्या घरातून त्यांना कुणी 'या' म्हटलेलं नव्हतं. हेही आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. आमचं घर सोवळ्या-ओवळ्याचं. मी लग्न ठरवल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा माझे वडील जे वाक्य बोलले ते मी इथे लिहिणार नाही. लग्नाला ते आले, पाहुण्यासारखे बसले आणि जेवायच्या आधी निघून गेले. काका नंतर सात-आठ वेळा भारतात गेले. दर वेळी मुंबईला उतरायचे आणि सरळ नागपूर गाठायचे. जवळचं पुणे त्यांच्या नकाशावर नव्हतं. बायको यावर कधी काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा ते जास्त लागतं हे नवऱ्यांना सांगायला नको.

असो. काकांच्या बेसमेंटमध्ये होम थिएटर नाही, ट्रेडमिल नाही. तिथे पत्ते आहेत. पेले आणि तलवारी छापलेले स्पेनचे पत्ते आहेत. जुन्या इजिप्शियन पत्त्यांची नक्कल आहे, त्यात पोलो खेळायच्या काठ्या काढल्यात. युरोपातल्या लोकांना पोलो माहीत नव्हता, त्यांनी त्या काठ्यांचे सोटे केले, हे सांगताना काकांना दर वेळी नव्याने हसू येतं. सायकलला घंटी लावावी तसा जोकर हा अमेरिकेने मागाहून बसवलेला भाग आहे, हेही मी तिथेच शिकलो. पण सगळ्यात वर, काचेच्या कपाटात, सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आहे. लाखेचे गोल गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. त्यातल्या नवव्या अवताराचे, म्हणजे बुद्धाचे, बारा पत्ते काकांनी ज्या दिवशी गंजिफा घरी आला त्याच दिवशी काढून वेगळ्या डबीत ठेवले. बुद्ध कुणाचा अवतारबिवतार नाही, हे त्यांनी पोस्टमनसमोरच जाहीर केलं असं काकू सांगतात. मी एकदा भीत भीत विचारलं की काका, मग हा खेळायचा कसा? "नऊ अवतारांत भागवा," ते म्हणाले. आणि आम्ही भागवलं. त्याने काही अडत नाही, मी स्वतः खेळलोय.

आता मूळ मुद्दा. काकांच्या घरात पत्त्यातल्या गुलामाला गुलाम म्हणायचं नाही. त्याला नायब म्हणतात. यामागे त्यांचा अभ्यास आहे: इजिप्तच्या जुन्या कॅटमध्ये राजाच्या हाताखाली नायब होता, त्याच्याखाली दुसरा नायब, म्हणजे राजाचे डेप्युटीच. आपल्या गंजिफातही राजा आणि प्रधान, तिसरं कुणी नाही. मग आपल्याकडे हा गुलाम आणला कुणी आणि तो सगळ्यांच्या तोंडात इतका गोड कसा बसला? "इंग्रज त्याला पोऱ्या म्हणायचे," काका सांगतात. "तेही चालेल एक वेळ. पोऱ्या संध्याकाळी आपल्या घरी जातो." लग्नानंतर पहिल्यांदा मी तो शब्द उच्चारला तेव्हा नवा जावई म्हणून माफी मिळाली. दुसऱ्यांदा हातातले पत्ते काढून घेतले. तिसऱ्यांदा मला वर काकूंना पोळ्या लाटायला मदत कर म्हणून पाठवलं. माझ्या दोन पोळ्या बघून काकूंनीच खाली जाऊन रदबदली केली. तेव्हापासून माझ्या तोंडून नायब सोडून दुसरा शब्द निघालेला नाही, आणि आमची नऊ वर्षांची मुलगी तर शाळेतल्या गोऱ्या पोरांनाही 'दॅट्स द नायब' असं ठणकावून सांगते.

लोक म्हणतात, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलेत म्हातारबुवा. मी आता त्यांना उलट विचारतो, एवढासाच आहे ना? मग सोडा की तुम्ही. अहो, सोडत कुणी नाही! हसतात, खांदे उडवतात, आणि पुढच्या डावाला मुद्दाम दोनदा म्हणतात. एवढासा शब्द सोडवत नाही तो इतका मोठा कशाने झाला, याचा विचार करायला कुणाला सवड नसते. मी काकांच्या बाजूचा आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपापल्या घरी खुशाल बदामसात खेळावं.

सगळ्या खेळांत काकांचा जीव ब्लॅकजॅकवर. ते त्याला एकवीस म्हणतात, कारण स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्ये तो आपापल्या भाषेत एकवीसच होता. जुन्या कॅसिनोत इस्पिकचा एक्का आणि काळा नायब एकत्र आले तर ज्यादा बक्षीस द्यायचे म्हणून त्याचं नाव ब्लॅकजॅक पडलं, अशी एक गोष्ट इथे सगळे सांगतात. काकांना ती मान्य नाही. पुरावा कुठाय, म्हणतात. पूल पडल्यावर मी असं कुणीतरी सांगितलेलं लिहून दिलं असतं तर चाललं असतं का? पण खेळ मात्र त्यांना मनापासून पटतो. एक तर त्यात शेजाऱ्याशी कुणी लढत नाही, सगळे मिळून वाटणाऱ्याशी लढतात. आणि दुसरं, इतर खेळांत राजा राणीला खातो, राणी नायबाला खाते. एकवीसमध्ये पानांची बेरीज एकवीसला न्यायची: एक्का अकरा, राजा दहा, राणी दहा, नायबही दहाच. "ज्यांनी हा नियम केला," काका म्हणतात, "त्यांचे पाय धरावेत, पण ते कोण होते हे कुणी लिहून ठेवलं नाही. अशांचं कुणी लिहून ठेवत नाही."

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून आमच्याकडे आले. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात त्यांना करमत नव्हतं. मुक्काम ऑक्टोबरपर्यंत. बाबा म्हणजे पक्के मेंढीकोटवाले. चाळीस वर्षं रोज सकाळी फिरून आल्यावर चौघांचा अड्डा, तोच ओटा, तेच भिडू. मला वाटलं, पत्त्यांवर जीव असलेली दोन म्हातारी माणसं, अडीच मैलांचं अंतर, सहा महिने हाताशी. आता नाही जमलं तर कधीच नाही. बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं की या वेळी मला मध्ये घालायचं नाही, मी खूप वर्षं मध्ये उभी राहिले. म्हणून मी माझी अक्कल चालवायची ठरवली. ती काय लायकीची आहे ते पुढे येतंच.

जून-जुलैमध्ये दोघं वाढदिवसाला, बारशाला भेटले, हवामानावर बोलले. ऑगस्टमध्ये आमच्या मंडळाने मराठी शाळेच्या मदतीसाठी कॅसिनो नाईट ठेवली. इथे ही पद्धतच आहे: प्लॅस्टिकच्या चकत्या, उसनी हिरवी टेबलं, पहिलं बक्षीस प्रेशर कुकर, आणि एरवी पत्त्यांना नाकं मुरडणाऱ्या बायका सगळ्यात पुढे. ब्लॅकजॅकचं टेबल अर्थात काकांकडे. त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'या टेबलावर राजा, राणी व नायब यांची किंमत समान आहे. दुसऱ्या कोणत्याही नावाने उल्लेख केल्यास हात बाद.' आणि मी, मोठा शहाणा, बाबांना नेमकं त्या टेबलावर बसवलं. माझा हिशोब असा की ब्लॅकजॅक बाबांना येत नाही, काकांना शिकवायला आवडतं, म्हणजे सूत जुळेल. येताना कारमध्ये मी बाबांना सांगितलंही होतं की तेवढा एक शब्द टाळा. बाबा बरं म्हणाले होते.

चीन आणि इराण बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. इजिप्तला त्यांनी एक प्रश्नही विचारला, आणि काका इतके खूश झाले की चक्क पत्ते वाटले. बाबांनी आपली दोन पानं उचलून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. आई गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. पानं टेबलावर आपटून ते मोठ्याने म्हणाले, "एक्का आणि गुलाम! आलं की एकवीस." काकांनी हात पुढे केला आणि ती दोन पानं सावकाश पालथी घातली. हात बाद आहे, ते म्हणाले. बाबांना आधी वाटलं गंमत आहे. मग त्यांनी पाटी वाचली आणि त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, हे पत्त्याचं नाव आहे, माणसाचं नाही, आणि साठ वर्षं ते हेच म्हणत आलेत.

"पत्त्याला काही वाटत नाही, मान्य," काका म्हणाले. "ऐकणाऱ्याला वाटतं."

मंडळाचे अध्यक्ष धावत आले. चिल करा ना काका, फंडरेझर आहे यार, पाहुणे आहेत, एक वेळ ॲडजस्ट करा, वगैरे. मागून कुणीतरी हसलं. काकांनी पाटी उतरवली, कॅट कोटाच्या खिशात घातला, टेबल बंद केलं आणि ते समोरच्या खुर्चीवर बसून शांतपणे बटाटेवडा खाऊ लागले. घरी गेले असते तर लोकांना बरं वाटलं असतं. ते कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून राहिले, मान वर करून, बंद टेबलाशेजारी.

परतताना कारमध्ये बाबा म्हणाले की माणूस विक्षिप्त आहे. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "बाबा, मला वाढवलंय त्या माणसाने." एवढंच. त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरात फक्त डिशवॉशर बोलत होता.

मंगळवारी मी ऑफिसात असताना बाबा घरातून बाहेर पडले. कुणाला सांगितलं नाही, कारण आम्ही कुणीतरी सोबत आलो असतो. शॉमबर्गमध्ये माणूस पायी चालला की त्याची गाडी बिघडली किंवा डोकं, असा लोकांचा समज आहे. त्यात बाबा फूटपाथ नसलेल्या रस्त्याकडेने, डोक्याला माकडटोपी घालून, ऑगस्टमध्ये. कुणीतरी फोन केला असणार. पोलिसाची गाडी शेजारी थांबली. बाबांनी खिशातून काकांचा पत्ता लिहिलेला कागद काढून दाखवला. तो पोलीस भला माणूस, त्याने त्यांना अदबीने मागच्या सीटवर बसवलं आणि काकांच्या दारात नेऊन उतरवलं. काकांनी दार उघडलं तर समोर युनिफॉर्म आणि त्याच्या बगलेत व्याही. 'सर, डू यू नो धिस जेंटलमन?' असं पोलिसाने विचारलं, आणि काका क्षणभर थांबून 'येस, ही इज फॅमिली' म्हणाले, असं काकू सांगतात. पुढचंही मला काकूंकडूनच कळलं, कारण त्या दोघांनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही.

बाबा बेसमेंटमध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, मी भांडायला आलो नाही, मला कळून घ्यायचंय. काकूंना वाटलं, आता चीन. पण त्या दिवशी काका चीनला गेले नाहीत, इजिप्तलाही नाही. ते आपल्या कॉलेजच्या होस्टेलवर गेले. "मेंढीकोट चालला होता," ते म्हणाले. "मी पान उचललं, नायब निघाला. शेजारच्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, ज्याचं त्याला आलं. सगळे हसले. व्याही, मीपण हसलो. त्या पोरांना मी कधीच माफ करून टाकलंय. माझं ते हसणं मात्र माफ होत नाही."

बाबांचा चहा समोर गार झाला होता. मग त्यांनी काकूंना विचारलं, थोडा नवा चहा मिळेल का. काकू म्हणतात, त्या घरात त्यांनी तोंडाने मागून घेतलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला जाताना बाबांना तिकडे सोडायला लागलो. दोघं सात-आठचे डाव खेळायचे, तो दोन माणसांचाच खेळ. काका इतिहास सांगायचे. बाबा त्यांना मध्येच, वाटा आता, म्हणायचे, आणि काका चक्क वाटायचे. मला हा मान बारा वर्षांत मिळालेला नाही. पण बाबाही बाबाच. गुलाम हा शब्द त्यांनी त्या घरात पुन्हा काढला नाही, आणि नायबही काढला नाही. तो पत्ता टाकायची वेळ आली की म्हणायचे, "हा घ्या, दश्शीच्या वरचा." साठ वर्षांची जीभ, इतकी वळली तेच खूप. काकांनी दोन दिवस विचार केला आणि हे नियमात बसतं असा निकाल दिला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला. बायको मला रोज संध्याकाळी एकच विचारायची: म्हणाले का बाबा त्यांना, पुण्याला या म्हणून? नव्हते म्हणाले. विमानतळावर काका-काकू सोडायला आले होते. मी अगदी शेवटपर्यंत बाबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते काकांना 'बराय' म्हणाले, चाकाच्या खुर्चीत बसले आणि आत गेले. परतताना बायको खिडकीबाहेर बघत होती. मला बाबांचा राग आला होता, आणि सहा महिने मी नसती आशा लावून ठेवली म्हणून स्वतःचाही.

नोव्हेंबरात एका रविवारी बाबांचा फोन आला. आधी गुडघा, मग पाणीकपात, मग जरा थांबून म्हणाले, अड्डा मोडल्यासारखाच आहे. मी विचारलं, का हो, कुणी आजारी? नाही, म्हणाले. त्यांनी परत गेल्यावर पहिल्याच सकाळी सांगितलं होतं की यापुढे माझ्या समोर नायब म्हणायचं. दोघांनी थट्टा केली आणि ऐकलं. बाबांच्या समोर बसणाऱ्या भिडूने ऐकलं नाही. चाळीस वर्षांचा भिडू. तो म्हणाला, सून काय आणलीस, अक्कल गहाण टाकलीस. बाबांनी पत्ते खाली ठेवले. तो उठून गेला, तो परत आलेला नाही.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिघांत मेंढीकोट होत नाही," बाबा म्हणाले. "माझ्यासमोरची जागा रिकामी आहे. व्याह्यांना विचार, येतात का. दोघांनाही सांग. उतरायचं आपल्याच घरी."

मी फोन ठेवला, बायकोला सांगितलं, ती कारची किल्ली घेऊन दारात उभी राहिली. काका बेसमेंटमध्येच होते. मी बाबांचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं, भिडूचं वाक्यही वगळलं नाही. हातातला कॅट काकांनी नीट जुळवला, टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. बायको त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"जावई," ते शेवटी म्हणाले, "डिसेंबरात पुण्याला स्वेटर लागतो का?"

मी म्हटलं, दुपारी नाही लागत. सकाळी लागतो.

"मग न्यावाच लागेल," काका म्हणाले. "व्याही सकाळीच खेळायला बसतात."